उजेड विकत घेताय की दुसऱ्याचा अंधार?

पावसाळा उलटला, दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला, की आयटीतल्या बाइकवाल्यांना एक ठरावीक ताप चढतो. गोवा, हंपी, कन्याकुमारी असा काहीतरी बेत शिजत असतो, सॅडलबॅगा येऊन पडलेल्या असतात, आणि मग कँटीनमध्ये चहाच्या कपावर तो प्रश्न येतोच. "ऑक्स कुठले लावू रे?" (नवख्यांसाठी : ऑक्स म्हणजे ऑक्झिलरी लाइट. हेडलाइटच्या जोडीला लेगगार्डवर लावायचे जादा एलईडी दिवे.) यावर मिळणारी सगळी उत्तरं एकाच भाषेत असतात. "हे घे, दहा हजार लुमेन!" "छ्या, वीस हजारवाले घे, रात्रीचा दिवस होतो."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. लुमेनचा आकडा बघून दिवे निवडणाऱ्या माणसाने दिवे घेऊच नयेत. त्याला स्वतःला त्यातून वाटतं तितकं दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

मी दिव्यांच्याच विरोधात आहे असं मात्र समजू नका. गरज खरी आहे, आणि ती साध्या गणितात मांडता येते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. रस्त्यात काहीतरी आहे हे डोळ्यांनी टिपून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावलात तरी थांबायला आणखी ४० मीटर लागतात. म्हणजे झाले पाऊणशे मीटर. तेच १०० च्या वेगाने १०५ मीटरच्या आसपास जातं. आणि आपल्या बहुतेक बाइक्सचा लो बीम कामाचा उजेड टाकतो तो पन्नास-साठ मीटरपर्यंत. म्हणजे रात्री लो बीमवर ८० ने जाणारा माणूस त्याला अजून न दिसलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात रात्री गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. उसाने शिगोशिग भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी, आणि वरून लोंबणारा ऊस ट्रॉलीचा मागचा भाग पूर्ण झाकून टाकतो. तिथे जादा उजेड ही चैन नाही.

तर मग वाद कशाचा? कुठला उजेड, कुठे, आणि कधी, याचा.

आधी त्या लुमेनची जरा चौकशी करू. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. डोळा ज्या हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो, त्या ५५५ नॅनोमीटरच्या शुद्ध हिरव्या प्रकाशातसुद्धा एका वॅटमागे जास्तीत जास्त ६८३ लुमेन मिळू शकतात. हा काही कंपनीचा दावा नाही, एककाची व्याख्याच आहे. पांढऱ्या उजेडासाठी ही मर्यादा बरीच खाली येते, आणि प्रत्यक्षात उष्णता, काच, लेन्स हे सगळं वजा जाता बाइकवरच्या दिव्यातून वॅटमागे शंभरच्या आसपास लुमेन बाहेर पडले तरी दिवा चांगला म्हणायचा. आता तो ४० वॅटचा "वीस हजार लुमेन"वाला डबा हातात घ्या आणि भागाकार करा. वॅटमागे ५००! ज्या किमतीत ते दिवे मिळतात त्या किमतीत हे साधलं असेल, तर त्या कारखानदाराने बाइकचे दिवे कशाला विकावेत? स्टॉकहोमचं तिकीट काढावं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, याला तर दोन मिळतील.

दिवसभर लोकांच्या कोडमधले बग शोधणारी, बेंचमार्कच्या आकड्यावर शंका घेणारी, सेल्सवाल्याचं स्लाइडवरचं प्रत्येक वाक्य खोडून काढणारी ही पोरं दिव्याच्या डब्यावरचा आकडा मात्र पोथीतल्या ओवीसारखा मानतात. भागाकार करायला एक मिनिट लागत नाही हो!

आकडा खरा असला तरी त्याने फारसं काही कळत नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. वर्षानुवर्षं गाड्यांत बसत आलेला एच४ बल्ब घ्या. ५५ वॅटचा लो बीम, ६० चा हाय बीम. त्याचा नियमाने ठरलेला उजेड लो बीमला १,००० लुमेन आणि हाय बीमला १,६५०. बस्स. एवढ्याशा उजेडावर लोकांनी आयुष्यभर खंबाटकी आणि कशेडी उतरली. कारण त्यामागचा रिफ्लेक्टर तो उजेड हवा तिथेच नेऊन टाकत होता. बादलीभर पाणी अंगणात ओतलंत तर नुसता चिखल होतो. तेच पाणी नळीच्या तोंडावर बोट धरून सोडलंत तर कोपऱ्यातल्या जास्वंदीपर्यंत पोचतं. लुमेन म्हणजे बादलीत पाणी किती. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते बोट कसं धरलंय.

ते सांगणारी एककं वेगळी आहेत. एका विशिष्ट दिशेने उजेड किती जोरात जातोय ते कँडेलामध्ये मोजतात, आणि तो रस्त्यावर पोचल्यावर किती पडतोय ते लक्समध्ये. यात अंतराचा वर्ग येतो. १०० मीटरवर १ लक्स हवा असेल तर त्या दिशेने १०,००० कँडेला लागतात. २०० मीटरवर तोच १ लक्स हवा असेल तर ४०,०००. अंतर दुप्पट, जोर चौपट. म्हणून "आणखी लांबचं दिसायला आणखी लुमेन" हा हिशेब झटकन तोंडावर आपटतो. लांबचं बघायला अरुंद, नेमका झोत लागतो. ज्या दिव्याच्या माहितीत कँडेला, लक्स किंवा झोताचा नकाशा यातलं काहीच नाही, फक्त लुमेन आणि एका जंगलाचा दिवसासारखा उजळलेला फोटो आहे, तो दिवा तिथेच खाली ठेवावा. फोटो काय, एक्स्पोजर वाढवलं तर मेणबत्तीचाही तसाच येतो.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण बघायचं काम शेवटी तेच करतात. स्वस्तातले "फ्लड" दिवे बहुतेक उजेड चाकापुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये ओततात. बसल्या जागेवरून ते फार छान दिसतं. डांबर कसं लख्ख! पण समोरचा तुकडा जितका लख्ख, तितका डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पलीकडच्या मंद गोष्टींना मुकतो. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती मोडायला एक झगझगीत डबका पुरतं. परिणाम असा, की मालकाला वाटतं खूप दिसतंय, म्हणून वेग वाढतो, आणि ऐंशी मीटरवरची ट्रॉली आधीपेक्षाही उशिरा दिसते. जवळ जास्त उजेड पाडणाऱ्या दिव्याने माणूस आश्वस्त होतो, सुरक्षित होत नाही. पाऊस पडून रस्ता ओला झाला तर आणखी मजा. ओलं डांबर आरशासारखं वागतं. तुमचा उजेड परत तुमच्याकडे न येता पुढे सरकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि हा समोरचा कोण आहे?

आपल्या डोळ्यांसमोर नेहमी एक ट्रकवाला असतो. हाय बीमवर येणारा, मस्तवाल वगैरे. त्याला धडा शिकवायचा असतो. पण राज्य मार्गावर रात्री समोरून येणाऱ्यांत बरेच जण जुन्या १०० सीसीच्या गाडीवर असतात. पुढे ३५ वॅटचा बल्ब, काच पिवळी पडलेली. हँडलला दुधाच्या किटल्या, किंवा मागे बायको आणि मध्ये पोर. एमआयडीसीतली दुसरी शिफ्ट सुटलेला कामगार. साठीचा शेतकरी, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय. त्याला तर थेट आलेला उजेड डोळ्यातच पसरून सगळं पांढरं धुकं झाल्यासारखं दिसतं, आणि वय वाढतं तसा डोळा सावरायलाही जास्त वेळ लागतो. ताशी ६० ने येणारा माणूस ३ सेकंद काही न दिसता गेला, तर तो ५० मीटर आंधळेपणाने गेला. त्या ५० मीटरमध्ये खड्डा आहे, साइडपट्टीवरून चालत जाणारा माणूस आहे, कदाचित दिवा नसलेली ती ट्रॉलीही आहे. तुम्ही तोपर्यंत पुढच्या ढाब्यावर पोचलेला असता. मागे काय झालं ते तुम्हाला कधी कळतच नाही, आणि म्हणूनच तुम्ही बिनधास्त सांगता की "माझ्या दिव्यांचा आजवर कुणाला त्रास झाला नाही."

आपल्या धंद्यात याला नाव आहे. स्वतःच्या मशीनवर झकास चालतंय म्हणून प्रॉडक्शनवर ढकलून द्यायचं, आणि तिथे काय पडलं ते बघायला थांबायचंच नाही. ऑफिसात असं करणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

कायद्यालाही हे चांगलं कळलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ वाचा. पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा, की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाचे डोळे दिपणार नाहीत. दीड मीटर! हे जवळजवळ त्या १०० सीसीवाल्याच्याच डोळ्यांचं माप आहे. नियम लिहिणाऱ्याने लुमेनवर एक शब्द खर्च केलेला नाही. झोत कुठे जातो, एवढंच विचारलंय.

यावर नेहमीची तीन उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं : "ट्रकवाले अप्पर-डिप्पर करत नाहीत, मग मीच का?" बरं. त्याने तुम्हाला दिपवलं, तुम्ही त्याला दिपवलंत. आता एकमेकांकडे येणाऱ्या दोन वाहनांचे दोन्ही चालक आंधळे आहेत, आणि त्यातलं एक वीस टनांचं आहे. जिंकलं कोण? डोळ्यावर उजेड आला तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची आणि वेग उतरवायचा. सूड उगवण्यापेक्षा हा उपाय जुना आहे आणि फुकट आहे.

दुसरं : "मला दिसण्यापेक्षा मी लोकांना दिसलो पाहिजे." एकदम कबूल. पण त्यासाठी हेडलाइट सतत चालू असतोच. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाक्यांना तो आपोआप चालू राहणारा आहेच. शिवाय हेडलाइटखाली दोन बाजूंना दोन मंद पिवळे दिवे लावले, तर तीन ठिपक्यांचा त्रिकोण होतो, आणि एकट्या ठिपक्यापेक्षा त्रिकोणावरून तुमचं अंतर आणि वेग ओळखणं समोरच्याला सोपं जातं. त्याला दोन-पाच वॅट पुरतात. ज्याला तुम्ही "दिसलात" तो तुमच्यामुळे डोळे मिटून घेत असेल, तर त्या दिसण्याचा उपयोग काय? आणि तो लुकलुकणारा फ्लॅशर मोड... ती गाडी आहे, गणपतीची मिरवणूक नाही.

तिसरं : "मी खाली वाकवून लावलेत." यातले निम्मे दिवे असे असतात की ते कितीही वाकवा, झोताला वरची कडच नसते. गोल बल्बसारखा सगळीकडे पसरणारा उजेड खाली वाकवला तर तो खाली जातो आणि वरही राहतो. वरून पाठीमागे बायको किंवा मित्र, सॅडलबॅगेत पंधरा किलो सामान. मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर केलेलं तुमचं वाकवणं पार वाया जातं.

धुक्याबद्दलही एक गैरसमज जाता जाता मोडून टाकतो. "आंबोलीला जातोय, पिवळे लाव, पिवळा उजेड धुकं कापतो." नाही कापत. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात, की पिवळा काय, पांढरा काय, जवळपास सारखाच विखुरतो. फ्रान्समध्ये १९३७ पासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, धुकं तिथेही हललं नाही. पिवळ्यात निळा भाग कमी असल्यामुळे डोळ्याला तो कमी बोचतो, एवढा फायदा पुष्कळांना जाणवतो आणि तो घ्यावा. पण धुक्यात खरं काम करते ती दिव्याची जागा. खाली बसवलेला, रुंद पसरणारा आणि वरून चाकूने कापल्यासारखी सरळ कड असलेला झोत. धुक्यात हाय बीम किंवा लांब झोताचा दिवा लावलात तर पुढ्यात पांढरी भिंत उभी राहते. त्या भिंतीला वीस हजार लुमेन दिलेत तर ती आणखी पांढरी होते, बास.

मग घ्यायचं काय? माझी यादी छोटी आहे.

१. आधी आहे तो हेडलाइट नीट करा. काच पुसा, कोन जुळवा, बल्बपर्यंत पुरेसा दाब पोचतोय का ते वायरमनकडून तपासून घ्या. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबू नका. तो रिफ्लेक्टर विशिष्ट जागच्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा जराशी हलली की झोत फुटतो.

२. काम ठरवा. मोकळ्या हायवेवर लांबचं बघायला अरुंद झोताची "ड्रायव्हिंग" जोडी. घाटासाठी आणि धुक्यासाठी सरळ कडेची रुंद "फॉग" जोडी. घाटात बाइक वळणावर कलते तेव्हा हेडलाइटचा झोतही तिच्याबरोबर कलतो आणि वळणाची आतली बाजू अंधारात राहते. तिथे लांब झोत काहीच कामाचा नाही, रुंद लागतो. एकच जोडी घ्यायची असेल आणि तुमचं फिरणं सह्याद्रीतलं असेल, तर मी डोळे मिटून रुंद घेईन.

३. दिव्याच्या काचेवर मान्यतेची खूण शोधा. गोलात "ई" आणि एक आकडा, किंवा फॉगसाठी एसएई जे५८३, ड्रायव्हिंगसाठी जे५८१. याचा अर्थ कुणीतरी प्रयोगशाळेत तो झोत मोजलाय. बाहेरून मागवत असाल तर एक भानगड लक्षात ठेवा. लो बीमसारखा एका बाजूला उचललेला झोत युरोप-अमेरिकेत उजवीकडे उचललेला असतो, कारण ते उजवीकडून चालतात. आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो.

४. जोडणी. लांब झोताची जोडी हाय बीमच्या वायरवरून रिलेने चालू झाली पाहिजे, म्हणजे डिपर मारला की ती आपोआप विझते. वेगळं बटण असेल तर ते फक्त कायमचं बंद करायला. अंगठ्याला लक्षात राहील यावर विसंबू नका. रात्री दोन वाजता, सातशे किलोमीटर झाल्यावर अंगठ्याला काही लक्षात राहत नसतं. ४० वॅटच्या जोडीला १२ व्होल्टवर साडेतीन अँपियरच्या आत करंट लागतो. बॅटरीजवळच ५ किंवा साडेसात अँपियरचा फ्यूज, आणि मूळ वायरिंग न कापता कपलर.

५. पाणी. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आपल्या जुलैला हे किमान माप समजा.

६. कोन. सगळं सामान आणि मागचा माणूस बसवून, सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर. फॉगची वरची कड दिव्याच्या उंचीच्या १० ते २० सेंटिमीटर खाली यायला हवी.

या सगळ्यात "किती लुमेन" हा प्रश्न कुठेच आला नाही. जो दिवा वरच्या यादीत बसतो त्याला पुरेसे लुमेन असतातच.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय सातवा. रात्री जाऊ नका. टूरिंगला निघालात ना? मग संध्याकाळी सहाला थांबा, खोली घ्या, पिठलं-भाकरी खा, झोपा, पहाटे उजाडताना निघा. दोन दिवसांची रजा वाचवायला रात्रभर हाणायची आणि त्या घाईची किंमत वाटेतल्या दूधवाल्याने मोजायची, याला टूरिंग म्हणत नाहीत.

तरी घेणारच असाल, किंवा आधीच घेतले असतील, तर उद्या रविवार आहे. अंधार पडल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाइक उभी करा, मागे कुणाला तरी बसवा. दिव्यापासून आठ मीटर मोजा, अर्धा मीटर उजवीकडे सरका, आणि डोळे दीड मीटरवर येतील असे उभे राहा किंवा बसा. मित्राला म्हणावं, लो बीमवर ठेव आणि एरवी रात्री जे जे चालू ठेवतोस ते सगळं चालू कर. टक लावून बघायचं नाही, रस्त्यावर बघतो तसं बघायचं. बाइकशेजारी जमिनीवर कुणीतरी ठेवलेली चप्पल तुम्हाला दिसली, तर तुमचे दिवे उत्तम आहेत, लावा खुशाल. नाही दिसली तर दिवे उतरवून मगच जेवायला वर जा.